सात विमाने, चव्वेचाळीस राज्ये आणि कामगाराची भाकरी

अमेरिकेच्या सिनेटमध्ये २१ जुलै २००९ रोजी एक मतदान झाले. निकाल लागला ५८ विरुद्ध ४०. प्रश्न होता अवघ्या सात विमानांचा. एफ-२२ रॅप्टर ह्या, त्या वेळी जगातील सर्वांत महागडे म्हणून गाजलेल्या लढाऊ विमानाचे आणखी सात नग विकत घ्यावेत म्हणून सिनेटच्या सशस्त्र सेवा समितीने संरक्षणखर्चाच्या विधेयकात १ अब्ज ७५ कोटी डॉलर घुसडले होते, आणि ती रक्कम काढून टाकावी अशी दुरुस्ती सभागृहापुढे आली होती. संरक्षणमंत्री रॉबर्ट गेट्स ह्यांना ही विमाने नको होती. हवाई दलाच्या प्रमुखांनी १८७ विमाने पुरेशी आहेत असे जाहीरपणे मान्य केले होते. रक्कम विधेयकात राहिली तर नकाराधिकार वापरू, असा इशारा राष्ट्राध्यक्ष ओबामा ह्यांनी आठवडाभर आधीच दिला होता. ज्याने विमान उडवावयाचे तो नको म्हणतो, ज्याच्या सहीने पैसे जावयाचे तोही नको म्हणतो, आणि तरीही शंभरातील चाळीस सिनेटर ‘घ्याच’ म्हणून मत देतात! हा काय चमत्कार आहे?

चमत्काराचा उलगडा त्या चाळीसांच्या नावांत सापडतो. ते सारे कट्टर युद्धखोर होते असे समजणे चुकीचे ठरेल. त्यांत कॅलिफोर्नियाच्या बार्बरा बॉक्सर होत्या, वॉशिंग्टन राज्याच्या पॅटी मरे होत्या. ह्या दोघींनी २००२ साली इराकवरील युद्धाच्या ठरावाविरुद्ध मत दिले होते. उलट विमानांची रक्कम कापणाऱ्या दुरुस्तीचे एक प्रवर्तक होते जॉन मॅक्केन, म्हणजे इराक युद्धाचे खंदे पुरस्कर्ते. युद्धाला विरोध करणारे विमान मागतात आणि युद्ध मागणारे विमान नाकारतात, तेव्हा वाद युद्धाचाही नव्हता आणि शांततेचाही नव्हता हे उघड आहे. विमानाची अंतिम जुळणी होत होती जॉर्जियातील मॅरिएटा येथे. तेथील सिनेटर सॅक्सबी चँब्लिस ह्यांनीच समितीत ती रक्कम घातली. इंजिन बनत होते कनेक्टिकटमध्ये. तेथील ख्रिस्तोफर डॉड, पक्षाने डेमोक्रॅट, आपल्याच राष्ट्राध्यक्षाविरुद्ध उभे राहिले. पंख व मागचा सांगाडा सिॲटलच्या बोइंग कारखान्यात होत होता. म्हणून पॅटी मरे. नकाशा उघडून बसावे, म्हणजे मतदानाची यादी वाचण्याचीही गरज उरत नाही.

हा योगायोग नव्हे, योजना आहे. पेंटागॉनमध्येच अनेक वर्षे विश्लेषक म्हणून नोकरी केलेल्या फ्रँकलिन स्पिनी ह्यांनी ह्या योजनेची दोन अंगे उलगडून दाखविली आहेत. पहिले अंग असे की, सुरुवातीला किंमत कमी सांगावयाची आणि गुणवत्तेच्या वल्गना मोठ्या करावयाच्या, म्हणजे कामाला मंजुरी मिळते. दुसरे अंग असे की, खरी किंमत उघडकीस येण्यापूर्वी कंत्राटे शक्य तितक्या मतदारसंघांत पेरून टाकावयाची, म्हणजे किंमत कळल्यानंतरही काम बंद पाडण्याची छाती कोणाला होत नाही. एफ-२२ चे सुमारे एक हजार पुरवठादार चव्वेचाळीस राज्यांत पसरलेले होते. लॉकहीड मार्टिन कंपनी हे लपवीत नव्हती, उलट जाहिरातींतून अभिमानाने सांगत होती. एका यंत्राचे भाग चव्वेचाळीस राज्यांत करून ते एका ठिकाणी आणण्यात तांत्रिक शहाणपण कोणते आहे हे कोणताही मेकॅनिक सांगू शकेल. त्यातील राजकीय शहाणपण मात्र वादातीत आहे.

आता विमानाची कुळकथा पाहू. ह्या विमानाची कल्पना १९८१ सालची. सोव्हिएत संघाची नवी लढाऊ विमाने येत आहेत, त्यांना तोंड देण्यासाठी रडारला न दिसणारे विमान हवे, असे तेव्हा सांगण्यात आले. एप्रिल १९९१ मध्ये लॉकहीडच्या नमुन्याची निवड झाली. त्याच वर्षाच्या डिसेंबरात सोव्हिएत संघाचे विसर्जन झाले. ज्या शत्रूसाठी शस्त्र घडवावयाचे तो शत्रू निवडीनंतर आठ महिन्यांत नाहीसा झाला, परंतु शस्त्र काही नाहीसे झाले नाही. शत्रू हे शस्त्राचे कारण असते तर कारण गेल्यावर कार्यही थांबावयास हवे होते. विमान मात्र थांबले नाही. डिसेंबर २००५ मध्ये ते सेवेत दाखल झाले आणि त्याच्यासाठी शत्रूचा शोध पुढे चालू राहिला.

वाटेत एकदा अडथळा आला होता, तोही अनपेक्षित दिशेने. जुलै १९९९ मध्ये प्रतिनिधीगृहाच्या संरक्षणखर्च उपसमितीचे अध्यक्ष जेरी लुइस, हे रिपब्लिकन, ह्यांनी पहिल्या सहा विमानांच्या खरेदीचे सुमारे १ अब्ज ८० कोटी डॉलर कापून टाकले आणि गृहाने त्याला संमती दिली. हवाई दल व कंपनी ह्यांनी मग असा काही जोर लावला की, वर्ष सरण्यापूर्वीच वाटाघाटींत रक्कम परत आली. फरक एवढाच झाला की ‘खरेदी’ ऐवजी ‘चाचणी’ हे नाव खात्याला मिळाले.

किंमतीचे गणित तर मुळातूनच समजून घेण्यासारखे आहे. आरंभी ७५० विमाने घेण्याचा मनसुबा होता. पुढे तो आकडा ६४८ वर आला, मग ३३९ वर, आणि अखेर १८७ वर. संशोधनाचा व यंत्रसामग्रीचा खर्च तर होऊनच गेलेला. तो कमी विमानांवर वाटला की प्रत्येक विमान महाग पडते. महाग पडले की सरकार आणखी कमी विमाने मागते. कमी मागितली की ते आणखी महाग पडते. आणि ह्या घसरगुंडीच्या प्रत्येक पायरीवर उभे राहून कंपनी म्हणते, ‘स्वस्त हवे असेल तर जास्त घ्या!’ सगळा खर्च धरता ह्या योजनेवर ६५ अब्ज डॉलरांहून अधिक खर्च झाला, म्हणजे एका विमानामागे जवळजवळ ३५ कोटी डॉलर. ‘आता एवढे घातलेच आहेत, तर थोड्यासाठी कशाला अडता?’ हा युक्तिवाद २००९ साली सिनेटमध्ये ज्या गांभीर्याने करण्यात आला, त्याच गांभीर्याने जुगाराच्या अड्ड्यावर तो रोज रात्री करण्यात येतो.

एवढे पैसे घेतलेले हे विमान करीत काय होते? इराकमध्ये आणि अफगाणिस्तानात अमेरिकेची दोन युद्धे चालू होती, माणसे मरत होती, मारली जात होती. आणि त्या दोन्ही युद्धांत एफ-२२ ने एकही उड्डाण केले नव्हते, हे खुद्द गेट्स ह्यांनीच बोलून दाखविले. फेब्रुवारी २००७ मध्ये हवाईहून जपानमधील कडेना तळाकडे निघालेल्या सहा विमानांनी आंतरराष्ट्रीय वाररेषा ओलांडताच त्यांचे संगणक कोलमडले, आणि इंधनवाहू विमानांच्या मागोमाग, आंधळ्याने काठी धरावी तसे, त्यांना परत यावे लागले. मतदानाच्या थोडेच दिवस आधी, जुलै २००९ मध्ये, वॉशिंग्टन पोस्टने प्रसिद्ध केले की, एक तास उडण्यासाठी ह्या विमानाला तीस तासांहून अधिक देखभाल लागते. नोव्हेंबर २०१० मध्ये अलास्कात एक विमान कोसळून वैमानिक ठार झाला. वैमानिकांना प्राणवायू नीट मिळतो की नाही ह्या शंकेने २०११ साली मे ते सप्टेंबर सर्वच्या सर्व विमाने जमिनीवर बसवून ठेवावी लागली. पहिली लढाऊ कामगिरी मिळाली ती सप्टेंबर २०१४ मध्ये सिरियात. नोव्हेंबर २०१७ मध्ये अफगाणिस्तानच्या हेल्मंड प्रांतात अफूचे अड्डे उडविण्यासाठी त्याला पाठविण्यात आले. आणि हवेतले पहिले लक्ष्य त्याने टिपले ते ४ फेब्रुवारी २०२३ रोजी, साउथ कॅरोलायनाच्या किनाऱ्याजवळ: चीनहून आलेला एक फुगा. फुगा फोडणाऱ्या क्षेपणास्त्राचीच किंमत चार लाख डॉलरांच्या वर होती.

भाकरीचा प्रश्न

परंतु विनोद बाजूला ठेवावयास हवा. कारण चव्वेचाळीस राज्यांच्या त्या नकाशामागे हजारो माणसे होती, आणि हाच ह्या वादाचा खरा गाभा आहे. कंपनीचा दावा असा होता की, २५ हजार माणसे प्रत्यक्ष आणि ७० हजार अप्रत्यक्ष, अशा एकूण ९५ हजार नोकऱ्या ह्या विमानावर अवलंबून आहेत. वर्ष मंदीचे होते. अमेरिकेतील बेकारी ९ टक्क्यांवर गेलेली होती. घरे जप्त होत होती. अशा वेळी मॅरिएटाच्या जोडारीला ‘हे विमान म्हणजे उधळपट्टी आहे’ असे सांगणे सोपे, आणि त्याने ते ऐकणे कठीण. मशिनिस्ट कामगारांची युनियन विमानाच्या बाजूने उतरली. तिला नावे ठेवून ज्यांना समाधान मिळत असेल त्यांनी ते खुशाल मिळवावे. पण ज्या कामगाराला पर्यायच दाखविलेला नाही त्याने आपल्या हातातले काम धरून ठेवले तर दोष त्याचा कसा? दोष त्यांचा आहे, ज्यांनी त्याच्या भाकरीची ढाल करून स्वतःचा नफा तिच्यामागे लपविला.

कारण नोकऱ्यांचे गणित मांडावयाचेच असेल तर ते पुरते मांडले पाहिजे. मॅसॅच्युसेट्स विद्यापीठातील रॉबर्ट पोलिन व हायडी गॅरेट-पेल्टियर ह्या अर्थशास्त्रज्ञांनी २०११ साली हिशेब केला तो असा: एक अब्ज डॉलर लष्करावर खर्च केले तर सुमारे ११,२०० नोकऱ्या निर्माण होतात, तेच आरोग्यसेवेवर केले तर १७,२००, आणि शिक्षणावर केले तर २६,७००. मग नोकऱ्यांचा एवढा कळवळा असणारे सिनेटर शाळांसाठी १ अब्ज ७५ कोटी का घुसडीत नाहीत? कारण शाळेला भागधारक नसतात आणि शिक्षिका निवडणूकनिधीला धनादेश पाठवीत नाही. आयसेनहॉवर हे काही डाव्या विचारांचे गृहस्थ नव्हते, सेनापती होते. त्यांनी १९५३ सालीच सांगितले होते की, एका लढाऊ विमानाची किंमत म्हणजे पाच लाख बुशेल गहू. आज हा हिशेब नव्याने करावयाचा तर गव्हाची कोठारे अपुरी पडतील.

कामगाराला पर्याय सुचत नाही असे ज्यांना वाटते त्यांना लुकास एरोस्पेसचे उदाहरण सांगितले पाहिजे. ते ब्रिटनमधले असले, आणि आज अर्धशतक जुने असले तरी त्याची धार बोथट झालेली नाही. ही कंपनी विमानांचे भाग बनवी आणि तिच्या कामाचा मोठा हिस्सा लष्करी होता. कपातीची कुऱ्हाड डोक्यावर आली तेव्हा निरनिराळ्या कारखान्यांतील, निरनिराळ्या युनियनांच्या प्रतिनिधींनी मिळून एक संयुक्त समिती चालविली होती. १९७४ साली ही मंडळी उद्योगमंत्री टोनी बेन ह्यांना भेटली, आणि बेन ह्यांनी त्यांना स्वतःचीच योजना तयार करण्याचे सुचविले. समितीने प्रथम तज्ज्ञांना पत्रे धाडली. फारशी उत्तरे आली नाहीत. मग त्यांनी विचारले ते आपल्याच कामगारांना: आपल्याकडे ही यंत्रे आहेत, हे कसब आहे, तर समाजाच्या उपयोगाचे काय काय करता येईल? जानेवारी १९७६ मध्ये योजना पुढे आली. तिच्यात सुमारे १५० वस्तू होत्या. मूत्रपिंडाच्या रुग्णांसाठी यंत्रे, घरे ऊबदार ठेवणारे उष्णतापंप, रस्त्यावर व रुळांवर दोन्हीकडे धावणारे वाहन, पाठीच्या कण्याच्या जन्मजात व्याधीने चालता न येणाऱ्या मुलांसाठी गाडी. काहींचे नमुने तयार करून चालवूनही दाखविले.

कंपनीने योजना फेटाळली. वस्तू वाईट होत्या म्हणून नव्हे. काय बनवावयाचे हे कामगारांनी ठरवावे, ही कल्पनाच तिला मानवली नाही. मजूर पक्षाच्या सरकारने सहानुभूती भरपूर दिली, बाकी काही दिले नाही. योजनेचे एक प्रमुख शिल्पकार माईक कूली ह्यांना १९८१ साली कंपनीने कामावरून काढले, आणि त्याच वर्षी स्टॉकहोमचा राइट लाइव्हलीहुड पुरस्कार त्यांना मिळाला. तेव्हा ‘विमान की बेकारी’ हा पेच निसर्गाने घातलेला नाही. तो घातलेला आहे आणि घालणाऱ्याला नाव आहे.

पराभव कोणाचा झाला?

२१ जुलैच्या मतदानानंतर उदारमतवादी वृत्तपत्रांत मोठा जल्लोष झाला. लष्करी-औद्योगिक संकुलाचा पराभव झाला, असे अग्रलेख पडले. तो जल्लोष आज वाचताना मौज वाटते. एक तर हवाई दलाची निरिच्छता तितकीशी स्वयंस्फूर्त नव्हती. ३८१ विमाने हवीत असे त्याच दलाचे वर्षानुवर्षे म्हणणे होते, आणि दलाचे आधीचे दोन्ही प्रमुख २००८ साली गेट्स ह्यांनी घरी पाठविल्यानंतर नव्यांना १८७ पुरेशी वाटू लागली. दुसरे असे की, ज्या विधेयकातून सात विमाने वगळली ते विधेयक एकूण ६८० अब्ज डॉलरांचे होते. आणि तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची: एफ-२२ बंद करताना गेट्स ह्यांनी एफ-३५ चा वेग वाढविला. एफ-३५ कोणाचे? लॉकहीड मार्टिनचेच! ह्या खिशातून काढले आणि त्या खिशात घातले, अंगरखा एकच. विमान हरले, कंपनी हरली नाही.

त्या एफ-३५ चे पुढे काय झाले? २०१० सालीच त्याचा खर्च कायद्याने घातलेली मर्यादा ओलांडून गेला आणि योजनेच्या प्रमुखाला गेट्स ह्यांनी दूर केले. अमेरिकेच्या सरकारी हिशेबतपासनीस कार्यालयाने एप्रिल २०२४ मध्ये सांगितले की, ही विमाने आयुष्यभर सांभाळण्याचा अंदाजी खर्च २०१८ साली १ लाख १० हजार कोटी डॉलर होता, तो २०२३ साली १ लाख ५८ हजार कोटी डॉलर झाला. विमाने आता पूर्वीच्या योजनेपेक्षा कमी तास उडणार आहेत, ही त्यातली खोच. त्याच कार्यालयाच्या आधीच्या तपासणीत असे दिसले होते की, मार्च २०२३ मध्ये निम्म्याहून थोडीच अधिक विमाने कामगिरीस सज्ज होती. आणि मार्च २०२५ मध्ये राष्ट्राध्यक्ष ट्रम्प ह्यांनी पुढच्या विमानाची घोषणा केली: एफ-४७. ह्या वेळी कंत्राट बोइंगला. ट्रम्प हे सत्तेचाळिसावे राष्ट्राध्यक्ष आहेत. विमानाचा आकडा त्यावरून ठरला की कसे, हे ज्याचे त्याने समजावे. त्याच वर्षी ४ जुलैला सही झालेल्या कायद्याने लष्कराला सुमारे १५० अब्ज डॉलर जादा दिले आणि गरिबांच्या वैद्यकीय साहाय्यात दहा वर्षांसाठी प्रचंड कपात केली. काँग्रेसच्याच अंदाजपत्रक कार्यालयाच्या हिशेबाप्रमाणे त्या कायद्यामुळे २०३४ पर्यंत सुमारे एक कोटी माणसे आरोग्यविम्याविना राहतील.

हे सारे दूरचे म्हणून सोडून देता येत नाही. १३ फेब्रुवारी २०२५ रोजी वॉशिंग्टनमध्ये भारताच्या पंतप्रधानांच्या शेजारी उभे राहून ट्रम्प ह्यांनी भारताला एफ-३५ देण्याचा मार्ग मोकळा करीत असल्याचे जाहीर केले. त्याच आठवड्यात हे विमान बेंगळुरूजवळ येलहंका येथे प्रदर्शनात घिरट्या घालीत होते. ऑगस्टमध्ये सरकारने संसदेत सांगितले की, ह्याविषयी अद्याप कोणतीही औपचारिक चर्चा झालेली नाही. ते उत्तर बरे आहे. पण अमेरिकेचा इतिहास असा आहे की ‘नको’ हे तेथे पहिल्या फेरीचे उत्तर असते.

आणि नोकऱ्यांची ढाल? आपल्याकडे तिची गंमत वेगळीच आहे. राफेलच्या पहिल्या योजनेत १२६ विमानांपैकी १०८ हिंदुस्थान एरोनॉटिक्समध्ये बांधावयाची होती. २०१५ साली ती योजना मोडली, आणि २०१६ साली ७ अब्ज ८७ कोटी युरोंना ३६ तयार विमाने घेण्याचा करार झाला. १०८ विमानांचे काम सार्वजनिक क्षेत्राच्या हातून गेले, तेव्हा नोकऱ्यांसाठी अश्रू ढाळणारा एकही कारखानदार पुढे आला नाही. कामगाराची भाकरी नफ्याच्या आड येत नाही तोवरच ती त्यांना पवित्र असते. ओझर, बेंगळुरू, कोरापुट, लखनौ येथील ह्याच कंपनीचे कामगार ऑक्टोबर २०१९ मध्ये वेतनकरारासाठी बेमुदत संपावर गेले, तेव्हा त्यांना देशाच्या संरक्षणाची आठवण करून देणारे मात्र पुष्कळ भेटले.

‘म्हणजे डाव्यांना देशाचे संरक्षणच नको!’ असा गिल्ला लगेच होईल. देशाला विमाने लागतात, आणि मिग, सुखोई बांधून ओझरच्या कामगारांनी ती दिलेली आहेत. प्रश्न असा आहे की किती, कशासाठी, कोणाकडून, आणि हे ठरविले कोणी. मार्च २०२४ मध्ये भारताच्या स्वतःच्या प्रगत लढाऊ विमानाच्या आराखड्याला व नमुन्यांना सुमारे १५ हजार कोटी रुपयांची मंजुरी मिळाली. मे २०२५ मध्ये ते काम कसे चालवावयाचे त्याची पद्धत जाहीर झाली: खाजगी कंपन्या आणि हिंदुस्थान एरोनॉटिक्स ह्यांनी सारख्याच पायरीवर उभे राहून स्पर्धा करावयाची. सार्वजनिक पैशाने घडविलेले पाऊण शतकाचे कसब एका बाजूला, आणि आजवर एकही लढाऊ विमान न बांधलेली खाजगी घराणी दुसऱ्या बाजूला, ह्याला म्हणावयाचे समान संधी! चव्वेचाळीस राज्यांचा नकाशा आपल्याकडे अजून काढला गेलेला नाही, पण पेन्सिलीला टोक करणे चालू झाले आहे.

अमेरिकेत निदान अठ्ठावन्न कोण आणि चाळीस कोण ह्याची नावे छापून ठेवलेली आहेत. मॅरिएटाचा कामगार ती वाचू शकतो. आपल्या लोकसभेत १४ मार्च २०१८ रोजी सर्व खात्यांच्या मागण्या, एकीवरही चर्चा न होता, गोंधळात सुमारे अर्ध्या तासात आवाजी मतदानाने मंजूर झाल्या. संरक्षण खात्याची मागणी त्यांतच होती.